ट्रॅम आली, वेधशाळा निघाली

पनवेल स्टेशनवर लोकलची वाट बघत उभे असाल तेव्हा एक गंमत करून बघा. मोबाइलमधलं होकायंत्राचं अॅप उघडा आणि फोन प्लॅटफॉर्मवरच्या लोखंडी बाकाजवळ न्या. उत्तर दिशा सरकलेली दिसेल. चार पावलं लांब गेलात की ती पुन्हा मूळ जागी येईल. फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक इवलीशी चिप असते. तिला पृथ्वीचं चुंबकत्व कळतं, तसं बाकातलं लोखंडही कळतं. यातलं कोणतं आपल्या कामाचं, हे मात्र तिला ठरवता येत नाही.

हीच अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसापुढे उभी राहिली होती. फक्त त्याच्यासमोर बाक नव्हता, अख्खी ट्रॅम कंपनी होती. त्याचं नाव नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. भूचुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये हे नाव जगभर माहीत आहे. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात ते भेटत नाही, पण तुमच्यापैकी कित्येक जण त्याच्या वारशासमोरून रोज जातात. नवीन पनवेलला सेक्टर १८ मध्ये, कळंबोली हायवेजवळ ‘भारतीय भूचुंबकत्व संस्था’ आहे. तिथे नक्की काय चालतं असा प्रश्न कधी पडला असेल, तर त्याचं उत्तर मूस यांच्या आयुष्यातून सुरू होतं.

मूस यांच्या जन्माआधीची एक घटना आधी सांगायला हवी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलनिरीक्षक सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होता. अचानक डागांच्या एका समूहात त्याला लख्ख पांढरा उजेड दिसला, आणि काही मिनिटांत तो विझला. साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर चुंबकीय वादळ धडकलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तार पाठवणाऱ्यांना शॉक बसले. एरवी ध्रुवांकडे दिसणारा ध्रुवीय प्रकाश पार क्युबापर्यंत दिसला. या वादळाला आज ‘कॅरिंग्टन घटना’ म्हणतात.

त्या वेळी मुंबईत, कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, काही माणसं दुर्बिणीतून एका टांगलेल्या चुंबकाकडे बघत आकडे लिहीत होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा बांधली होती, ती मुळात आकाश बघण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळवण्यासाठी. १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. चुंबक रेशमाच्या धाग्याला टांगायचा, त्याला आरसा लावायचा, आणि आरशात दिसणारी मोजपट्टी लांबून दुर्बिणीतून वाचायची. चुंबक केसभर हलला तरी आकडा बदलतो. दर तासाला एक नोंद. रात्री दोनलाही, ऐन पावसाळ्यातही. वादळ आलं की तासाभराची वाट न बघता काही काही मिनिटांनी वाचन घ्यायचं, असा नियम होता. तो पाळला गेला म्हणून कॅरिंग्टन घटनेची चढउतार कुलाब्याच्या वह्यांत उतरली.

त्यानंतर आठ आठवड्यांनी, २९ ऑक्टोबर १८५९ रोजी, नानाभॉय मूस जन्मले.

पारशी घरातला हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून स्थापत्य अभियंता झाला. (हे कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी.) मग एडिंबरा विद्यापीठातून त्याने बीएस्सी केलं. परत येऊन मूस एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. स्थापत्य आणि भौतिकशास्त्र, दोन्ही हातात असलेला माणूस. पुढे अलिबागला हे दोन्ही कसं उपयोगी पडलं ते येईलच.

१८९६ मध्ये मूस कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या आधी चार्ल्स चेंबर्स यांनी तीन दशकं वेधशाळा सांभाळली होती. त्यांच्या काळात १८७२ मध्ये छायाचित्रणाने नोंद घेणारी उपकरणं बसली. आता माणसाने दर तासाला डोळा लावायची गरज उरली नव्हती. आरशावरून उसळलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या रुळावरच्या फोटोच्या कागदावर पडायचा आणि चोवीस तासांची एक सलग रेघ उमटायची. शांत दिवस असेल तर सौम्य लाट, वादळी दिवस असेल तर नुसता थरथराट.

मूस आले तेच वर्ष मुंबईत प्लेगचं होतं. माणसं शहर सोडून पळत होती. वेधशाळेचं काम मात्र असं की त्याला सुट्टी नाही. एक दिवसाची नोंद चुकली तर ती पुन्हा कधीच घेता येत नाही. प्रयोगशाळेतला प्रयोग बिघडला तर उद्या परत करता येतो. १२ मार्चला पृथ्वीचं चुंबकत्व किती होतं, हे १३ मार्चला मोजता येत नाही. हे वाक्य दिसायला साधं आहे, पण मूस यांचं पुढचं सगळं वागणं त्यातून कळतं.

आता ट्रॅम. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रॅम धावत होत्या. घोड्यांचा चुंबकाला काही त्रास नसतो. १९०० च्या सुमारास ट्रॅम विजेवर चालवायचं ठरलं. शहराच्या दृष्टीने यात वाईट काहीच नव्हतं. वेग वाढणार, रस्त्यावरची लीद जाणार, गिरण्यांकडे चालत जाणाऱ्यांची पायपीट कमी होणार. वेधशाळेच्या दृष्टीने मात्र तो निकाल होता.

का, ते समजून घेऊ. ट्रॅमला एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी वीज लागते. वरच्या तारेतून ती गाडीत येते आणि रुळांतून वीजघराकडे परत जाते. रूळ जमिनीवरच टेकलेले असल्याने त्यातली थोडी वीज गळते आणि मातीतून, पाण्याच्या नळांतून, वाट मिळेल तशी पसरत परत जाते. बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकलात ते आठवा, वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. गाडी सुटली, थांबली, चढावर लागली की दर वेळी वीज बदलणार आणि क्षेत्रही बदलणार. पृथ्वीचं मुंबईतलं आडवं क्षेत्र साधारण अडतीस हजार नॅनोटेस्ला. रोजचा चढउतार असतो काही दशक नॅनोटेस्लांचा. म्हणजे ज्या हालचालीचा अभ्यास करायचा, तीच ट्रॅमच्या गोंगाटात बुडून जाणार. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून नाडी मोजण्यातला प्रकार.

ही अडचण काही मुंबईपुरती नव्हती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं चुंबकीय काम ट्रॅममुळेच स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला हलवावं लागलं. ग्रीनिचच्या चुंबकीय विभागाला पुढे विजेच्या रेल्वेने हुसकावलं. शहर आणि चुंबक यांचं एकत्र नांदणं विसाव्या शतकात कुठेच जमलं नाही.

मूस यांच्यापुढे दोन प्रश्न होते. कुठे जायचं, हा सोपा. कसं जायचं, हा खरा अवघड.

जागा त्यांनी निवडली अलिबागची. मुंबईपासून साधारण तीस किलोमीटर, मध्ये समुद्र. कुलाब्याशी तुलना करता यावी इतकी जवळ, आणि ट्रॅम कधीच पोचणार नाही इतकी लांब. इथे एक मजा आहे. अलिबाग तेव्हा ज्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं त्याचंही नाव कुलाबाच, तिथल्या समुद्रातल्या किल्ल्यावरून पडलेलं. आपलं पनवेलही त्याच जिल्ह्यात. रायगड हे नाव आलं १९८१ मध्ये. म्हणजे वेधशाळा एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात गेली. आणखी एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. कुलाबा वेधशाळेच्या अगदी सुरुवातीच्या मदतनीसांपैकी एक होते केरूनाना छत्रे, पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले. त्यांचं गाव नागाव, अलिबागपासून हाकेच्या अंतरावर. नागावचा पोरगा चुंबकाचं काम शिकायला मुंबईला गेला, आणि साठेक वर्षांनी ते कामच त्याच्या गावाशेजारी राहायला आलं.

इमारत बांधताना मूस यांच्यातला अभियंता कामाला आला. कोकणातलं घर म्हटलं की काळा दगड, नाही तर जांभा. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे तो स्वतःच थोडासा चुंबक. जांभ्यात लोह ठासून भरलेलं, त्याचा लाल रंगच त्यामुळे. अशा दगडाच्या भिंतींत संवेदनशील चुंबक टांगणं म्हणजे मघाच्या बाकावर होकायंत्र ठेवण्यासारखं. म्हणून वेधशाळेसाठी दगड आणला पोरबंदरहून, चुनखडीचा, ज्यात चुंबकत्व जवळपास नाही. लोखंडाला बंदी. आपण खिळा, बिजागरी, कडी असं मोजायला लागलो की कळतं, लोखंड टाळून घर बांधणं किती कटकटीचं असेल ते. शिवाय तापमान बदललं की चुंबकाची ताकदही बदलते, त्यामुळे आतली हवा दिवसभर शक्य तितकी सारखी राहायला हवी होती.

हे सगळं झालं. आता ‘कसं जायचं’ हा प्रश्न.

समजा, तुम्ही रोज एकाच वजनकाट्यावर वजन करता आणि साठ वर्षांची वही आहे. काटा बदलला. नवा काटा सातशे ग्रॅम जास्त दाखवतोय. तुम्ही जाड झालात की काटा वेगळा आहे? उत्तर मिळवण्याचा एकच मार्ग आहे, काही दिवस दोन्ही काट्यांवर वजन करायचं. दोघांतला फरक एकदा पक्का कळला की जुनी वही फेकावी लागत नाही. मूस यांनी हेच केलं, काही दिवस नाही, दोन वर्षं. १९०४ मध्ये अलिबागची यंत्रं सुरू झाली आणि कुलाब्याचीही चालूच राहिली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी होत होत्या. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, शांत दिवस, वादळी दिवस, सगळं दोनदा बघून झालं. फरकाचं गणित बसलं आणि मगच कुलाब्याचा चुंबक विसावला. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्रॅम धावली.

मला मूस यांच्या कामात सगळ्यात मोठं हेच वाटतं. त्यांना ट्रॅमविरुद्ध लढणारा वीर करणं सोपं आहे, कुणी तरी तसा सिनेमाही काढील. पण त्यांनी केलेलं काम जास्त अवघड होतं. नोंदींच्या साखळीतली एकही कडी तुटू न देता त्यांनी ती साखळी समुद्रापलीकडे नेली. ट्रॅम सुरू होण्याची वाट बघत बसले असते तर तुलनेसाठी शुद्ध काळ मिळालाच नसता. वेळेवर, म्हणजे कुणाला गरज भासण्याच्या आधी, ते निघाले.

या धामधुमीतच, ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, आणखी एक मोठं चुंबकीय वादळ आलं. अलिबाग अजून सुरू व्हायचं होतं, कुलाबा अजून शाबूत होतं. नोंद झाली. अलीकडच्या संशोधकांनी त्या वादळाची तीव्रता काढताना जगातल्या ज्या मोजक्या ठिकाणांचे आलेख वापरले, त्यात कुलाबा आहे.

मूस यांचं पुढचं काम टेबलावरचं. १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी आणि त्यांचं विवेचन त्यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलं. तासाला एक नोंद धरली तर एकाच घटकाचे पाच लाखांवर आकडे होतात. कॅल्क्युलेटर नाही, एक्सेल नाही. बेरजा, सरासऱ्या, दुरुस्त्या, सगळं हाताने.

त्यात त्यांनी एक युक्ती केली. प्रत्येक चुंबकीय वादळ दिसायला वेगळं असतं, जसा प्रत्येक रुग्णाचा ताप वेगळा. मूस यांनी अनेक वादळं घेतली, सगळ्यांची सुरुवातीची वेळ एका रेषेत आणली आणि सरासरी काढली. एकेकाची वैशिष्ट्यं पुसली गेली आणि मागे राहिला वादळाचा मूळ चेहरा. आधी आडवं क्षेत्र किंचित वाढतं, मग काही तास घसरतच जातं, आणि त्यानंतर कित्येक दिवस रमतगमत मूळपदावर येतं. पुढे सिडनी चॅपमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याच वाटेने जाऊन चुंबकीय वादळांचं शास्त्र उभं केलं. घसरण का होते, हे कळायला आणखी काळ जावा लागला. सूर्याकडून आलेल्या झोतामुळे पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचं एक कडं जोमाने वाहू लागतं. त्या कड्याचं चुंबकीय क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या उलट असतं, म्हणून जमिनीवरचा आकडा खाली येतो. मूस यांना कडं माहीत नव्हतं. त्याची सावली त्यांनी नीट आखून ठेवली होती.

वेधशाळेत फक्त चुंबकच होते असंही नाही. हवामान होतं, वेळ होती, आणि त्यांच्याच काळात कुलाब्यात भूकंपमापक यंत्रही बसलं. एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो होते. पहिल्या महायुद्धानंतर ते निवृत्त झाले आणि ११ फेब्रुवारी १९३६ रोजी वारले.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. मुख्यालय आधी कुलाब्यालाच होतं, नंतर ते आपल्या नवीन पनवेलला आलं. अलिबागची वेधशाळा मात्र आहे तिथेच आहे. पनवेलमध्ये अभ्यास, अलिबागमध्ये मोजमाप. कारण तुम्हाला एव्हाना कळलं असेल. सायन-पनवेल हायवे, यार्ड, लोकल, कळंबोलीचा लोखंड बाजार! चुंबकासाठी यापेक्षा वाईट शेजार शोधून सापडणार नाही.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५९ च्या कुलाब्याच्या नोंदी पुन्हा उघडल्या. आडवं क्षेत्र तेव्हा सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं, असं त्यांनी दाखवलं. त्यावर वादही झाला. काहींचं म्हणणं, तासाची सरासरी घ्या, मग आकडा साडेआठशे-नऊशेपर्यंत येतो. वाद होऊ शकला, कारण मोजता येईल असं काही तरी हातात होतं. कॅरिंग्टन घटनेच्या वेळी पृथ्वीवर इतर अनेक ठिकाणची यंत्रं मोजपट्टीच्या बाहेर गेली होती. आपल्यासारख्या कमी अक्षांशावरचं मोजमाप तर फारच दुर्मीळ.

हा आकडा कुणाला हवाय, असं वाटत असेल तर मार्च १९८९ कडे बघा. तासाच्या मोजणीने ५८९ नॅनोटेस्लांचं वादळ आलं आणि कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली. साठ लाख लोक अंधारात, तेही तिथल्या थंडीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका किरकोळ वादळाने वातावरण फुगवलं आणि स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले चाळीसच्या आसपास उपग्रह खाली येऊन जळाले. मे २०२४ च्या वादळात आकडा ४०० च्या आसपास होता. तेव्हा लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील. क्वेबेक ५८९ ला अंधारात गेलं. १८५९ त्याहून कितीतरी मोठं. आज तसं वादळ आलं तर वीजवाहिन्या, जीपीएस, विमानांचा रेडिओ, उपग्रह यांचं काय होईल, याचा हिशोब मांडताना जगभरचे अभियंते वरची मर्यादा म्हणून जो आकडा हातात घेतात, त्यामागे कुलाब्याच्या वह्या आहेत.

आता आपल्याकडे आदित्य एल-१ आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुटलेलं. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून ते सूर्यावर लक्ष ठेवतं आणि झोत येतोय हे आधी सांगू शकतं. पण झोत येऊन धडकल्यावर जमिनीवर नक्की किती फरक पडला, हे जमिनीवरच मोजावं लागतं.

नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकांना ०८ आणि २६ असे आकडे आहेत. चुंबकीय उत्तरेपासून साधारण ८० आणि २६० अंश, शेवटचं शून्य काढून टाकलेलं. चुंबकीय उत्तर हळूहळू सरकत असते, त्यामुळे जगात काही विमानतळांना हे आकडे पुसून नवे रंगवावे लागले आहेत. ते किती सरकलं हे सांगणारी माणसं तुमच्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर बसतात.

अलिबाग आता मूस यांनी पाहिलं तसं राहिलेलं नाही. शनिवार-रविवारी वडखळपासून गाड्यांची रांग लागते. एक मोटार म्हणजे शेकडो किलो पोलाद, आणि जगातल्या प्रत्येक चुंबकीय वेधशाळेला वाढत्या गावाची धास्ती असते. पुन्हा हलायची वेळ आलीच तर काय करायचं, हे मात्र ठरलेलं आहे. आधी नवी जागा सुरू करायची, दोन्हीकडची यंत्रं बरोबरीने चालवायची, आणि घाई करायची नाही. तोवर जगभरच्या वेधशाळांचं जे जाळं आपले आकडे एकत्र करतं, त्यात अलिबागचा संकेत आहे ए-बी-जी. कॅमेरा, इन्स्टा, नकाशा झाला की कधी तरी तोही शोधून बघा. कालचा दिवस शांत होता की नाही, ते तिथल्या रेघेत दिसेल.